एकच वेटसूट, वर २७ अंश आणि खाली १९: ३, ५ की ७ मिमी?

काठावरची:

नमस्कार. आतापर्यंत मी भाड्याचा ३ मिमी जाडीचा वेटसूट (पाण्याखाली ऊब राखणारा रबरी पोशाख) घालून २८-२९ अंशांच्या पाण्यातच स्कूबा डाइव्ह केल्यात. आता स्वतःचा सूट घ्यायचाय. पुढच्या हंगामात दोन अगदी वेगळ्या जागा ठरतायत. एक कोरल रीफ, तिथे पाणी वरपासून खालपर्यंत कोमट. दुसरी बालीजवळचं नुसा पेनिडा बेट, तेही मोला (सनफिश) मासे दिसतात त्या महिन्यांत. तिथे वर २६-२७ असलं तरी थर्मोक्लाइनखाली (जिथे पाणी एकदम गार होतं त्या थराखाली) गेलं की १९-२०, कधी त्याहूनही कमी, असं जाऊन आलेले सगळेच सांगतात.

सूट एकच घेता येणार आहे. मी अंगाने बारीक आहे, दिवसातल्या तिसऱ्या डाइव्हला २८ अंशांतही दात वाजतात. शिवाय खांदे रुंद आणि कंबर बारीक, त्यामुळे भाड्याचा सूट पाठीत कायम फुगलेला. ५ मिमी घेतला तर कोमट पाण्यात फार उकडेल का? की सरळ ७ घ्यावा? आणि ३ वर अजून काही चढवून १९ अंशांत निभेल का?

मंदश्वास:

थोडक्यात सांगायचं तर पूर्ण बाह्यांचा, अंगाला चिकटून बसणारा ५ मिमी घ्या आणि सोबत हुड (डोकं झाकणारी टोपी) असलेला बिनबाह्यांचा व्हेस्ट. कोमट पाण्यात नुसता सूट, थंड पाण्यात आतून व्हेस्ट. मी शिकवतो तिथे वर्षभरात पाणी बरंच बदलतं, आणि विद्यार्थ्यांना मी हीच जोडी सुचवतो.

पण जाडीपेक्षा तुमचं पाठीत फुगण्याचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटलं. तिसऱ्या डाइव्हला दात वाजण्याचं निम्मं कारण तिथेच असणार. अनेकांना वाटतं, सूटच्या आतलं पाणी शरीराने तापतं आणि तेच आपल्याला ऊब देतं. तसं नाही. ऊब राखतात निओप्रीनमधले, म्हणजे सूटच्या रबरातले, वायूचे बारीक बुडबुडे. ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वेटसूट बनवला, तो हेच ओळखून: अंग कोरडं असण्याची गरज नाही, आतलं पाणी जागचं हललं नाही की झालं. ते पाणी तापवायला तुमचीच उष्णता खर्च होते. ते जागेवर राहिलं तर खर्च एकदाच. पाठीत पोकळी असेल तर प्रत्येक किकसरशी गरम पाणी बाहेर आणि थंड पाणी आत, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. म्हणून ढगळ ७ मिमीपेक्षा नीट बसलेला ५ मिमी उबदार.

दुकानात सूट घालून झिप लावा आणि खाली उकिडव्या बसा. कोणाला तरी कंबरेच्या खोलगट भागात चिमटा काढून बघायला सांगा: निओप्रीन मुठीत धरता आलं तर तो सूट तुमचा नाही. हात वर करा, काखेत पोकळी दिसायला नको. कॉलर बसायला हवा, पण आवळायला नको. गळ्यावर दाब आला तर पाण्यात गरगरतं, तिथे तडजोड करू नका. पोटापर्यंत खोल श्वास घेता आला पाहिजे. कोरडा असताना किंचित घट्ट वाटला तर चालेल, पाण्यात तो थोडा सैलावतो.

दुसरं, खोलीचा हिशोब. ३० मीटरवर दाब ४ बार असतो, म्हणजे बुडबुड्यांतला वायू आकाराने जवळजवळ चौथाईवर येतो. सूट तिथे खरोखर पातळ होतो. तुमचा थंड थर नेमका खालीच आहे. म्हणून वरचं तापमान विचारूच नका. जाऊन आलेल्यांना त्यांच्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये नोंदलेलं सर्वांत कमी तापमान विचारा आणि सूट त्यावरून ठरवा.

३ मिमीवर व्हेस्ट चढवून १९ अंशांत निभेल का, तर तुमच्या अंगकाठीला नाही. कुडकुडत डाइव्ह पूर्ण करण्यात शौर्य नाही. अंग गार पडलं की हातापायांकडचा रक्तपुरवठा आखडतो, वर येताना अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडणं मंदावतं, आणि डिकम्प्रेशन सिकनेसचा (त्या वायूचे अंगात बुडबुडे होऊन होणाऱ्या त्रासाचा) धोका वाढतो. बोटं बधिर झाली की साधं बकल सुटत नाही. असं व्हायला लागलं तर बडीला (डाइव्हमधल्या जोडीदाराला) खूण करून डाइव्ह थांबवा.

शेवाळ:

मंदश्वास, फिटिंगबद्दल शंभर टक्के सहमत, पण ५ मिमी म्हणजे धड ना इकडे धड ना तिकडे. १९ अंश, बारीक अंग आणि दिवसाला दोन-तीन डाइव्ह असतील तर मी ७ च सांगेन. कोमट रीफवर भाड्याचा ३ मिमी कुठेही मिळतो. चांगला थंड पाण्याचा सूट, तोही आपल्या मापाचा, भाड्याने मिळणं अवघड. मग विकत घ्यायचा तर तोच का नाही?

आणि शिवणीचा विषय राहिलाच. फ्लॅटलॉक शिवणीत सुई आरपार जाते, प्रत्येक छिद्रातून पाणी झिरपतं. कोमट पाण्यात ते चालून जातं. थंडीसाठी कडा आधी चिकटवून मग एकाच बाजूने, आरपार न जाता शिवलेला सूट बघा. सूट उलटा करून शिवण दोन्ही बाजूंनी पाहिली की लगेच कळतं. मनगट आणि घोट्यापाशी आतून गुळगुळीत पट्टी असेल तर फारच छान.

मंदश्वास:

शिवणीचं लाखमोलाचं सांगितलंत. भाड्याचा मुद्दाही पटतो, पण भाड्याचा सूट यांच्या पाठीला बसत नाही हीच तर मूळ अडचण आहे. त्यात ७ मिमी घालून २९ अंशांत बोटीवर गिअर चढवताना जीव घामाघूम होतो, खांदे जखडतात, खाली जायला कमरेला लावायचं शिसंही वाढतं. पाणी कायम १५-१६ असतं तर मीही ७ किंवा सेमीड्राय (आत फारच थोडं पाणी येऊ देणारा सूट) म्हटलं असतं, आणि १० च्या खाली अंग कोरडं ठेवणारा ड्रायसूटच. इथे थंडी डाइव्हच्या काही भागापुरतीच आहे, ती व्हेस्ट आणि हुडने भागते.

रेतीवरची:

मीही बारीक आणि सतत गारठणारी, म्हणून लिहितेय. तयार मापात खांदे आणि कंबर दोन्ही जमत नसतील तर मापं देऊन शिवून घ्या. काही ब्रँड ते करतात आणि माझ्यासारखीला त्याने जितका फरक पडला तितका जाडीने नाही पडला.

डाइव्हच्या मधल्या वेळेकडे कोणी बघत नाही. ओला सूट घालून वाऱ्यात बसलं की वरच्या कापडातलं पाणी उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जातं. तुमची तिसरी डाइव्ह गार लागते कारण शरीर दुसऱ्यातून सावरलेलंच नसतं. वर आल्या आल्या सूट कमरेपर्यंत उतरवा, अंग कोरडं करा, केस पुसून टोपी घाला, वर वारा अडवणारं जाकीट. कोमट पाणी पीत राहा. बूट ५ मिमीचे घ्या, फिनमध्ये मावतात ना ते आधी घालून बघा. हातमोजे घेण्याआधी विचारून घ्या, काही संरक्षित रीफवर त्यांना बंदी असते.

काठावरची:

सगळ्यांचे मनापासून आभार. मापाचा ५ मिमी आणि हुडवाला व्हेस्ट, चिकटवलेल्या शिवणीचा, असं नक्की करतेय. फक्त शिसं किती वाढवायचं ते सांगाल? ३ मिमीत माझं वजन अगदी बरोबर बसलेलं आहे.

मंदश्वास:

ठरीव आकडा नाही, नवीन निओप्रीन जुन्यापेक्षा जास्त तरंगतं. १-२ किलो वाढवून उथळ, शांत पाण्यात तपासा, व्हेस्टसह आणि व्हेस्टशिवाय, वेगवेगळं. सिलिंडर ५० बारच्या आसपास (डाइव्हच्या शेवटी उरतो तेवढा) असताना बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जाकीट) पूर्ण रिकामी करा, नेहमीचा श्वास घेऊन धरा, पाय हलवू नका. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं आणि श्वास सोडल्यावर सावकाश खाली गेलात तर वजन बरोबर. सिलिंडर भरलेला असताना तपासलंत तर साधारण २ किलो जास्त धरा, कारण नेहमीच्या ११ लिटरच्या सिलिंडरमधून डाइव्हभरात तेवढ्या वजनाची हवा संपते.

आणि भीतीपोटी जास्तीचं शिसं लावू नका. खाली सूट दबतो, तुम्ही जड होता, बीसीडीत जास्त हवा भरावी लागते. वर येताना ती हवा आणि सूट दोन्ही फुगतात, म्हणून हवा आधीपासून थोडी थोडी सोडत या. पेनिडाला खाली ओढणारे प्रवाह असतात, तिथे हा फरक फार जाणवतो. नवा सूट आधी कोमट रीफवर वापरून अंगवळणी पाडा, पेनिडा त्यानंतर ठेवा.