बारीक आवाजात डग्गा हरवतो

प्रश्न: ऐरोलीत वन बीएचके, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं तान्हं बाळ. रात्री आवाज अगदी बारीक ठेवतो. तबल्याची चाट टणटणीत येते, डग्ग्याचा घुमारा मात्र गायब. नवे स्पीकर घ्यावेत का?

उत्तर: अजिबात नको! दोष स्पीकरचा नाही, कानच तसा आहे. आवाज उतरला की खर्ज आधी हरवतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. अँप्लिफायरवर ‘लाउडनेस’ (बारीक आवाजात खर्ज उचलणारं) बटण असेल तर रात्री दाबा, दिवसा मोठ्या आवाजात बंद करा.

दुसरं उत्तर: स्पीकर भिंतीलगत सरकवा, खर्ज भरतो. बाळाची भिंत सोडून हं, खर्ज आरपार जातो.

प्रश्नकर्ता: खिडकीकडे सरकवले, लाउडनेस लावलं. डग्ग्याची मींडसुद्धा (सरकता सूर) ऐकू येतेय. मनापासून आभार!