मदत हवी आहे: अमेरिकेतील फेडरल न्यायाधीशांची नेमणूक. नाव 'परत गेले' म्हणजे फेटाळले का?

शर्वरी_व

नमस्कार. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेतल्या फेडरल न्यायाधीशांच्या नेमणुकीवर मराठीत टिपण तयार करते आहे. राज्यघटनेतली तरतूद सरळ आहे: अनुच्छेद २ प्रमाणे राष्ट्राध्यक्षांनी नाव पाठवायचे आणि सिनेटने संमती द्यायची. घोडे अडते ते त्यापुढच्या व्यवहारात. जाणकारांनी मदत करावी.

१. अमेरिकी काँग्रेसच्या संकेतस्थळावर काही नावांपुढे 'नियम ३१, परिच्छेद ६ अन्वये राष्ट्राध्यक्षांकडे परत' अशी नोंद दिसते. हे नाव सिनेटने फेटाळले असे धरायचे का?

२. मंजुरीला ५१ मते लागतात की ६०? सिनेटच्या नियम २२ मध्ये आजही तीन-पंचमांश असेच लिहिलेले आहे.

३. ब्लू स्लिप कुठल्या नियमात आहे? नियमावलीत मला ती सापडली नाही.

४. 'फेडरल न्यायाधीश' म्हणवणारे सगळेच या वाटेने येतात का?

शेवटच्या भागात आपल्या कॉलेजियमशी तुलना आहे. त्यामुळे कोण, कुठे आणि कशाच्या जोरावर अडवू शकतो, हे नेमके हवे आहे.

केदार_डीसी

शर्वरीताई, पहिल्याचे उत्तर: नाही. टिपणात या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवा. फेटाळायला सभागृहात मतदान व्हावे लागते. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी रॉबर्ट बोर्क यांचे नाव ४२ विरुद्ध ५८ मतांनी पडले, ते फेटाळणे. असे क्वचितच होते. बहुतेक अयशस्वी नावे मतदानापर्यंत पोचतच नाहीत.

नियम ३१ चा परिणाम असा: अधिवेशन कायमचे संपले किंवा सिनेट ३० दिवसांहून जास्त काळ तहकूब झाले, की प्रलंबित नावे आपोआप परत जातात. ती ठेवून घ्यायची तर सर्वानुमते ठरावे लागते, म्हणजे एका सदस्याने हरकत घेतली तरी नाव परत. ३ जानेवारीच्या आसपास या नोंदींचा ढीग दिसतो तो यामुळे. हे दर दोन वर्षांनी नवी काँग्रेस येताना होते असा समज आहे, पण मधल्या जानेवारीतही होते.

परत गेलेले नाव राष्ट्राध्यक्ष पुन्हा पाठवू शकतात. मात्र तो सगळा नवा कागद असतो. पीएन क्रमांक (सिनेटकडे आलेल्या प्रत्येक नामनिर्देशनाचा नोंदणी क्रमांक) नवा, नावांची छाननी करणाऱ्या सिनेटच्या ज्युडिशिअरी समितीतले मतदान नवे. सुनावणी आधी झाली असेल तर ती सहसा पुन्हा घेत नाहीत. उमेदवाराने समितीला भरून दिलेल्या प्रश्नावलीला पुरवणी पत्र जोडले की भागते. म्हणून एखाद्याचा माग काढताना पीएन क्रमांकाने शोधू नका, अर्धाच इतिहास हाती लागेल. आडनावाने शोधा आणि काँग्रेसचा क्रमांक (दर दोन वर्षांच्या काँग्रेसला वेगळा असतो) बदलून पाहा.

विद्यार्थ्यांना दोन उदाहरणे जरूर द्या. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांचे नाव डीसी सर्किटसाठी (सर्किट म्हणजे फेडरल अपील न्यायालय) पहिल्यांदा १९९२ मध्ये गेले आणि मतदानाविनाच संपले. २००१ मध्ये दुसऱ्यांदा गेले, परत आले, आणि २००३ मध्ये मंजूर झाले. डायेन गुजराती यांना न्यूयॉर्कच्या ईस्टर्न डिस्ट्रिक्टसाठी (डिस्ट्रिक्ट कोर्ट म्हणजे खटला जिथे सुरू होतो ते फेडरल न्यायालय) आधी ओबामांनी २०१६ मध्ये नामनिर्देशित केले, मग विरुद्ध पक्षाच्या ट्रम्प यांनी २०१८ मध्ये. मंजुरी मिळाली २०२० मध्ये, ९९ विरुद्ध ०. चार वर्षे लागली आणि विरोधात एकही मत नाही! अंतिम आकड्यावरून वाटेतल्या अडथळ्यांचा अंदाज येत नाही तो असा.

समीर_एन

दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे. आता ५१ मते लागतात. १०० पैकी निम्म्याहून एक जास्त.

केदार_डीसी

समीर, तसे लिहू नका. हजर राहून 'हो' किंवा 'नाही' म्हणणाऱ्यांचे साधे बहुमत लागते. २०१८ मध्ये ब्रेट कॅव्हनॉ सर्वोच्च न्यायालयावर ५० विरुद्ध ४८ मतांनी गेले; ५१ नव्हतीच. त्याच वर्षी डिसेंबरात आठव्या सर्किटचे जोनाथन कोब्स यांना ५०-५० पडली आणि उपराष्ट्राध्यक्षांनी निर्णायक मत दिले. न्यायाधीशाच्या बाबतीत तसे पहिल्यांदाच घडले.

शर्वरीताईंचा गोंधळ रास्त आहे, कारण नियम २२ चा मजकूर खरोखर बदललेलाच नाही. ६० चा आकडा मंजुरीचा कधीच नव्हता. चर्चा बंद करण्याचा, म्हणजे क्लोचरचा होता. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी डेमोक्रॅटिक बहुमताने पीठासीन अधिकाऱ्याचा निर्णय ५२ विरुद्ध ४८ ने फिरवला आणि सर्वोच्च न्यायालय वगळता सर्व नावांच्या क्लोचरला साधे बहुमत पुरेल असा पायंडा पाडला. ६ एप्रिल २०१७ रोजी रिपब्लिकन बहुमताने तीच युक्ती सर्वोच्च न्यायालयासाठी वापरली. मजकूर जुना, वहिवाट नवी. तुमच्या विद्यार्थ्यांना नुसता नियम वाचून हे कळणार नाही, म्हणून दोन्ही तारखा द्याच.

एप्रिल २०१९ चा तिसरा पायंडा लोक विसरतात आणि रोजच्या कामात तोच सर्वात जास्त जाणवतो. क्लोचरनंतर ३० तासांपर्यंत चर्चेला वाव असे. डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या नावांसाठी तो २ तासांवर आणला. सर्किट कोर्ट आणि सर्वोच्च न्यायालयासाठी ३० तास कायम आहेत. आता हिशेब करा. क्लोचरच्या प्रस्तावावर १६ सदस्यांच्या सह्या लागतात, मग मध्ये एक कामकाजाचा दिवस जावा लागतो. सोमवारी प्रस्ताव दिला तर बुधवारी क्लोचरचे मत. डिस्ट्रिक्टचे नाव त्याच दिवशी निकालात निघते. सर्किटचे गुरुवारपर्यंत रेंगाळते. सिनेटचा आठवडा गुरुवारी दुपारी संपतो हे लक्षात घेतले, तर बहुमत हातात असूनही नेते आठवड्याला मोजकीच नावे का घेतात ते समजेल. २०२५ मध्ये बरीच नावे एकगठ्ठा मंजूर करण्याची सोय झाली, ती प्रशासनातल्या पदांसाठी. न्यायाधीशांचे मतदान अजून एकेकटेच होते.

अनघा_जे

तिसऱ्या प्रश्नाचे मी लिहिते. ब्लू स्लिप सिनेटच्या नियमावलीत सापडणार नाही, कारण ती ज्युडिशिअरी समितीच्या अध्यक्षांनी पाळायची प्रथा आहे. साधारण १९१७ पासूनची. ज्या राज्यातले पद, तिथल्या दोन्ही सिनेटरांना निळ्या कागदाचा फॉर्म जातो. तो पसंती देऊन परत आला नाही तर सुनावणी लागत नाही. किती कडक पाळायची हे अध्यक्ष ठरवतात. २०१७ मध्ये आठव्या सर्किटसाठी डेव्हिड स्ट्रास यांचे नाव होते. मिनेसोटाच्या एका सिनेटरने स्लिप दिली नाही, तरी समितीचे तेव्हाचे अध्यक्ष चक ग्रासली यांनी सुनावणी घेतली, आणि तेव्हापासून सर्किटच्या नावांसाठी स्लिपचा नकाराधिकार गेला. डिस्ट्रिक्ट कोर्टासाठी तो शाबूत आहे. दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांनी पाळला, आणि २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी उघडपणे मागणी करूनही ग्रासली यांनी सोडला नाही.

परिणाम काय होतो ते पाहा. दोन्ही सिनेटर विरोधी पक्षाचे असलेल्या राज्यात डिस्ट्रिक्टची पदे वर्षानुवर्षे रिकामी राहू शकतात, आणि त्याचा कुठेही मतदानाचा पुरावा राहत नाही. माझ्या मते कॉलेजियमशी तुलना करायचीच तर इथे करा: अमेरिकेत नाव सुचवण्याच्या प्रक्रियेत एकही न्यायाधीश नसतो, पण अडवायला एका सिनेटरचे मौनही पुरते. डीसी सर्किटला मात्र हे लागू नाही, कारण वॉशिंग्टन डीसीला सिनेटरच नाहीत. श्री श्रीनिवासन (२०१३, ९७ विरुद्ध ०) आणि निओमी राव (२०१९, ५३ विरुद्ध ४६) दोघे तिथले, त्यामुळे त्यांच्या वाटेत ही पायरी नव्हती.

समितीतही दोन अडथळे आहेत. कोणताही सदस्य नाव एका बैठकीपुरते पुढे ढकलायला लावू शकतो, आणि हे इतके नित्याचे आहे की बैठकीच्या यादीत पहिल्यांदा नाव दिसले तर त्या दिवशी मतदान होणार नाही असेच धरून चाला. दुसरा, समान मते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी आलेल्या केतांजी ब्राउन जॅक्सन यांच्या नावावर समितीत ११-११ मते झाली, तेव्हा नाव समितीतून काढून घेण्याचा वेगळा प्रस्ताव सभागृहात मंजूर करावा लागला. २०२३ मध्ये समितीतल्या डेमोक्रॅटिक सदस्य डायन फाइन्स्टाइन आजारपणामुळे काही महिने गैरहजर होत्या, तेव्हा समितीतले बहुमत गेले आणि विरोधी पक्षाचे एकही मत नसलेली नावे पडून राहिली.

केदार_डीसी

चौथ्याचे थोडक्यात. अनुच्छेद ३ चे तहहयात न्यायाधीश, म्हणजे सर्वोच्च न्यायालय (९), सर्किट कोर्टे (१७९ पदे), डिस्ट्रिक्ट कोर्टे (सुमारे ६७३, त्यात काही तात्पुरती) आणि आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालय (९), हे सगळे सिनेटमधून जातात. टॅक्स कोर्ट आणि कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्सचेही जातात, पण त्यांची मुदत १५ वर्षे. मॅजिस्ट्रेट जज ८ वर्षांसाठी डिस्ट्रिक्ट कोर्टाचे न्यायाधीशच नेमतात, बँकरप्सी जज १४ वर्षांसाठी सर्किट कोर्ट नेमते. दोन्हींत सिनेटचा संबंध नाही. इमिग्रेशन जज तर न्याय खात्याचे कर्मचारी. त्यांना अ‍ॅटर्नी जनरल नेमतात. आपल्याकडच्या बातम्यांत यांना सर्रास 'फेडरल न्यायाधीश' म्हणतात, ते टाळा.

विलास_एडिसन

थोडा वेगळा प्रश्न. न्यू जर्सीत वकिली करणाऱ्याला डिस्ट्रिक्ट कोर्टासाठी आपले नाव पुढे करायचे असेल तर सुरुवात कुठून? अर्ज कुठे मिळतो?

अनघा_जे

विलासराव, व्हाइट हाउसकडे थेट अर्ज करून फारसे काही होत नाही. राज्यघटनेत वय, पदवी, अनुभव यांची एकही अट नाही; पण नाव वर जाते ते सिनेटरांमार्फत. आधी फेडरल न्यायालयांच्या संकेतस्थळावर सध्याच्या आणि भावी रिक्त पदांच्या दोन्ही याद्या पाहा. मग आपल्या राज्याच्या सिनेटरांच्या संकेतस्थळावर न्यायाधीशपदाच्या अर्जाचे पान आहे का पाहा. बऱ्याच राज्यांत सिनेटर वकिलांची निवड समिती नेमतात. तशी नसेल तर त्यांच्या कार्यालयातल्या कायदेविषयक सल्लागाराला लिहा. सिनेटर राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचे नसतील तर त्या पक्षाच्या स्थानिक खासदारांचे आणि पुढाऱ्यांचे वजनही चालते.

अर्जाची तयारी समितीच्या प्रश्नावलीवरूनच करा. ती आधीच्या उमेदवारांनी भरलेली, जाहीर स्वरूपात मिळते. तीन-चार वाचा. पदवीपासूनची प्रत्येक नोकरी, प्रत्येक लेख, भाषण, मुलाखत, आपण लढवलेले दहा सर्वात महत्त्वाचे खटले आणि त्यांतल्या समोरच्या वकिलांचे संपर्क, मालमत्ता आणि कर्जाचा तक्ता. सर्वात जास्त वेळ भाषणांना लागतो. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमातले भाषण, त्याची यूट्यूबवरची चित्रफीत, जुना ब्लॉग, सगळे त्यात येते. एखादी गोष्ट गाळली आणि समितीच्या कर्मचाऱ्यांना ती सापडली, की मुद्दा त्या भाषणाचा राहत नाही, लपवण्याचा होतो. मराठीतला मजकूर असेल तर इंग्रजी सारांश तयार ठेवा.

पुढे व्हाइट हाउसच्या विधी सल्लागार कार्यालयाची मुलाखत, एसएफ-८६ हा पार्श्वभूमी तपासणीचा फॉर्म आणि एफबीआयची चौकशी. मागच्या वर्षांची कर विवरणपत्रे आधीच तपासून घ्या. घरकामाला ठेवलेल्या माणसाचा कर भरला नाही यावरून अमेरिकेत मोठमोठी नावे अडली आहेत. अमेरिकन बार असोसिएशनचे मूल्यमापन पूर्वी या टप्प्यावर होई. मे २०२५ पासून न्याय खात्याने उमेदवारांना त्यांच्या मुलाखतीला न बसण्यास सांगितले आहे.

सुनावणीची भीती बाळगू नका, पण गृहीतही धरू नका. डिस्ट्रिक्टचे चार-पाच उमेदवार एकत्र बसतात, प्रत्येक सिनेटरला साधारण पाच मिनिटे मिळतात. डिसेंबर २०१७ मध्ये मॅथ्यू पीटरसन यांना सिनेटर जॉन केनेडी यांनी डॉबर्ट कसोटी (तज्ज्ञाची साक्ष ग्राह्य धरायची का याची) आणि 'मोशन इन लिमिने' (एखादा पुरावा खटल्यात येऊ नये म्हणून आधीच केलेला अर्ज) म्हणजे काय हे विचारले. उत्तरे आली नाहीत आणि काही दिवसांत नाव मागे घेतले गेले. पुराव्याचा कायदा आणि दिवाणी प्रक्रिया कोरी करकरीत डोक्यात हवी. सुनावणीनंतर लेखी प्रश्न येतात, कधी शंभरावर, आणि उत्तरांना मुदत थोडी असते. ते दिवस अशिलांच्या कामापासून मोकळे ठेवा.

राजकारणाची वाट नको असेल तर मॅजिस्ट्रेट जजचा विचार करा. पाच वर्षे वकिली ही अट, जाहिरात डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या संकेतस्थळावर येते, निवड समिती नावांची यादी करते आणि न्यायाधीश मतदान करतात. पुढे डिस्ट्रिक्ट जज होणारे बरेच जण याच पदावरून जातात.

शर्वरी_व

सर्वांचे मनापासून आभार. केदार, ब्लू स्लिप आणि ३० तासांचा हिशेब यांना स्वतंत्र प्रकरण देते. एक राहिले: भावी रिक्त पदांच्या यादीत पुढची तारीख दिसते, काहींपुढे तारीखच ठरलेली नाही. पद रिकामे नसताना नाव मंजूर होते का?

केदार_डीसी

होते. जॅक्सन यांना ७ एप्रिल २०२२ रोजी ५३ विरुद्ध ४७ ने मंजुरी मिळाली, पण शपथ झाली ३० जूनला, स्टीफन ब्रायर निवृत्त झाले त्या दिवशी. मंजुरी म्हणजे पदग्रहण नव्हे. राष्ट्राध्यक्षांनी सनदेवर सही करावी लागते आणि जागा रिकामी असावी लागते.

तारीख नसलेल्या नोंदी नीट पाहा. ६५ वर्षे वय आणि १५ वर्षे सेवा झालेला न्यायाधीश ज्येष्ठ दर्जा घेऊ शकतो, म्हणजे कमी काम करत न्यायाधीश राहतो आणि त्याची जागा रिकामी होते. वय वाढेल तशी सेवेची अट कमी होते, बेरीज ८० हवी. काही जण 'उत्तराधिकारी मंजूर झाल्यावर' अशी अट घालतात आणि तोवर निर्णय मागेही घेऊ शकतात. चौथ्या सर्किटचे जेम्स विन यांनी डिसेंबर २०२४ मध्ये तेच केले. त्यांच्या जागी सुचवलेले नाव पुढे जाणार नाही हे स्पष्ट झाल्यावर त्यांनी पत्र मागे घेतले आणि ते पद यादीतून गेले. म्हणून टिपणात रिक्त पदांचा आकडा देताना यादी कोणत्या तारखेला पाहिली ते आकड्याशेजारीच लिहा.