मदत हवी आहे: १९८२ चा गिरणी संप, केस स्टडीसाठी
मंडळी, एमबीएच्या लेबर रिलेशन्ससाठी १९८२ च्या मुंबईच्या गिरणी संपावर केस स्टडी करतेय. १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार युनियन नेते दत्ता सामंतांच्या मागे गेले हे सगळीकडे मिळतं, पण गोष्ट सामंत विरुद्ध मालक एवढ्यावरच संपते आणि मला ते पटत नाही. खरी गाठ १९४६ च्या बीआयआर (बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स) कायद्यात आहे असं मला वाटतं, बोलणी करायचा हक्क मान्यता असलेल्या एकाच युनियनला, तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे, म्हणजे कामगार एकाच्या मागे आणि सही करायचा अधिकार दुसऱ्याकडे! मग तोडगा निघणार कसा?

दुसरं म्हणजे बदली कामगार. रोज गेटवर येऊन उभं राहायचं, कायमवाला कोणी आला नाही तर पाळी, नाहीतर घरी परत. त्यांच्याबद्दल फारच त्रोटक सापडतंय. कोणाचे आजोबा, काका बदलीवर होते का? संपात घर कसं चाललं, गावी गेले का, नंतर कामावर परत घेतलं का, जे आठवत असेल ते सांगा प्लीज, नाव कुठेही देणार नाही. आणि मालकांनी भिवंडीच्या पॉवरलूमवर काम कसं वळवलं यावर मराठीत काही वाचायला असेल तर तेही सुचवा.