‘मेड इन हेवन’मधलं पल्लवीचं लग्न तुमच्या घरी कुणी पाहिलं का?

नागपूरची_लेक
या वेब सिरीजचा दुसरा सीझन, पाचवा भाग. 2023च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हा एकटीनेच पाहिला होता. परवा आई पुण्याला आली, तिच्यासोबत पुन्हा लावला. राधिका आपटेची पल्लवी मेनके पांढऱ्या साडीत लग्नाला उभी राहिली, बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो दिसला, तशी आई सोफ्यावरून पुढे सरकली. “अगं, हे तर आपलं लग्न!” म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. तिचा अल्बम मी लहानपणापासून बघतेय. तीच पांढरी साडी, तेच फोटो, मेणबत्त्या. एरवी पडद्यावर मात्र लग्न म्हणजे होम आणि सात फेरेच!

होणाऱ्या नवऱ्याचं पल्लवीवर प्रेम आहे, तरी ‘जातीचा विषय कशाला’ हे त्याच्या वागण्यात येतं. त्या वेळचा राधिकाचा चेहरा मी तीनदा मागे नेऊन पाहिला. असं आपलं घर दाखवणारं अजून काही आहे का? आईला दाखवायचंय.

कळवा_लोकल
जयभीम ताई. राधिकाने काम उत्तम केलंय, पण ही भूमिका आपल्यातल्या एखाद्या अभिनेत्रीला मिळायला हवी होती, हे मला अजून सलतं. त्याच सीझनमध्ये मेहेर ही ट्रान्स स्त्री आहे आणि ती भूमिका त्रिनेत्रा हल्दार गुम्माराजूने केलीय, जी स्वतः ट्रान्स स्त्री आहे, डॉक्टर आहे. तिथे जमलं, मग इथे का नाही?

वाचनवेडी_सातारा
मुद्दा पटला. पण या भागाचे दिग्दर्शक नीरज घायवान आहेत, आणि आपण दलित आहोत हे ते उघडपणे सांगतात. कॅमेरा कुठे थांबवायचा हे त्यांना कळलंय, असं मला वाटतं.
आईंना ‘दहाड’ ही वेब सिरीज दाखवा. सोनाक्षी सिन्हा त्यात राजस्थानातल्या मंडाव्याची दलित सब-इन्स्पेक्टर आहे. ती जवळून गेली की ठाण्यातला एक पोलीस अगरबत्ती लावतो. तिचं काम बघाच.

नागपूरची_लेक
@कळवा_लोकल जयभीम दादा. तुमचं म्हणणं आईला वाचून दाखवलं. म्हणाली, “बरोबर आहे त्याचं. पण तो भाग परत लाव.” अगरबत्तीचं तिला अजून सांगितलं नाही. ‘दहाड’ आज रात्री लावते.