इग्बो बायकांचं १९२९ चं बंड

काहीजण म्हणतात की आफ्रिकेत टोळीप्रमुखांचंच राज्य होतं, सभा-चर्चा वगैरे इंग्रजांनी शिकवलं. आग्नेय नायजेरियातल्या इग्बोंच्या बाबतीत हे साफ उलट आहे. बहुतेक गावांत राजा नव्हताच. निर्णय गावसभेत होत, बायकांच्या सभा वेगळ्या भरत. कुणी बायकोचा छळ केला की साऱ्याजणी त्याच्या दारात ठिय्या मांडून त्याची लाज काढणारी गाणी म्हणत, वेळप्रसंगी झोपडीही मोडत.

इंग्रजांना हुकूम द्यायला गावात एकच माणूस हवा होता, म्हणून त्यांनी सनद देऊन 'वॉरंट चीफ' नेमले. प्रमुख लादले ते इंग्रजांनी! लाचखोरी बोकाळली. १९२८ मध्ये पुरुषांवर कर आला. १९२९ च्या नोव्हेंबरात ओलोको गावात न्वान्येरुवा ही विधवा पामतेल काढत असताना चीफचा माणूस मोजणीला आला: माणसं किती, बकऱ्या किती? मोजणी म्हणजे आता बायकांवरही कर, अशी धास्ती होती. तिने उलट विचारलं, तुझ्या आईची मोजणी झाली होती का? झटापट झाली. ताडाची पानं निरोप म्हणून गावोगाव फिरली आणि हजारो बायका रस्त्यावर आल्या. कोर्टं जाळली, चीफच्या अधिकाराची खूण असलेल्या टोप्या हिसकावल्या. सैन्याने गोळीबार केला, पन्नासहून अधिक बायका मेल्या. ती नावानिशी लक्षात ठेवावीत अशी माणसं होती, पण आपल्याकडे हे कुठे शिकवतात?

सरकारला पुढे ही चीफ पद्धत मोडीत काढावी लागली. नायजेरियातल्या नेत्या मार्गारेट एक्पो यांनी नंतर बाजारातल्या बायकांची संघटना बांधली ती याच भागात, आबा शहरात.