अनुभव धागा: बारा-बारा तास अभ्यास केला, ते कष्ट का नाही?

नागपुरात बर्डीवर तर्री-पोहे खाताना वाद झाला. मित्राच्या भाच्याला अमेरिकेच्या अर्जांसाठी समुपदेशकानं विचारलं, "अभ्यास तर सगळेच करतात, बाकी काय केलं?" आपल्याकडे जेईईचा रँक सोडून कोणी काही विचारत नाही. मग दिवसदिवस खुर्चीला चिकटून राहणं ही मेहनत, की आईबापाच्या पैशाची कमाल? ज्यांनी केलं त्यांनी लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा.

मानेवाडा
नीटचे तीन प्रयत्न. १८० प्रश्न, ७२० गुण, नंदनवनात भाड्याची खोली. मे महिन्यात कूलर गरम वारा फेकायचा, वहीचं पान हाताला चिकटायचं. बाबा गवंडी. भेटायला यायचे ते साइटवरूनच, शर्टावर सिमेंट. त्यांच्यासमोर 'दमलो' म्हणायची लाज वाटे. ते मात्र म्हणत, "तू बस, उठू नको." तिसऱ्यांदा मेडिकलला लागलो, तर अख्खी वस्ती म्हणाली, पोट्ट्यानं लय मेहनत केली. माझा रूममेट तेवढेच तास बसायचा, माझ्या आधी उठायचा. त्याची सीट थोडक्यात हुकली. त्याच वस्तीनं त्याच्याबद्दल म्हटलं, "डोकंच नाही बाप्पा." तो मेहनतीचा होता हे फक्त मला माहीत.

धरमपेठ
मीही दहा तास बसायचो. त्यातले चार मोबाइलमध्ये. तासांचे आकडे सांगणाऱ्यांवर म्हणून माझा विश्वास नाही.

महाल
इथल्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजात निम्म्या जागा राज्यातल्या मुलांसाठी असतात, म्हणून घर सोडावं लागलं नाही. त्याआधीच्या दोन वर्षांत घरातली कामंही सुटली नाहीत. कणिक मळताना भिंतीवर सूत्रं चिकटवलेली. भावाला मात्र "अभ्यास करून राहिला तो, हाक मारू नको." माझा रँक आला तेव्हा काकू म्हणाली, "हिला पहिल्यापासून सोपंच जायचं." भाऊ कुठे लागला ते विचारू नका.

रामदासपेठ
मी अमेरिकेला अर्ज केले होते. हार्वर्डवरच्या खटल्यात बाहेर आलं की तिथे अभ्यास, इतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांना वेगवेगळ्या रकान्यांत गुण देतात, आणि आशियाई वंशाच्या अमेरिकन मुलांना व्यक्तिमत्त्वात सरासरी कमी मिळायचे. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं वंशाधारित प्रवेश बंद केले, पण रकाने काही एकावर आले नाहीत. एमआयटीनं मात्र २०२२ मध्ये सॅट किंवा एसीटी ही प्रवेशपरीक्षा पुन्हा सक्तीची केली, म्हणजे परीक्षेचीही किंमत आहे. निबंधाला विषय सुचेना. गमतीनं म्हटलं, रोज संध्याकाळी कूलरमध्ये बादलीनं पाणी भरतो. समुपदेशक उडालाच, "हेच लिही!" सोळा वर्षांत मन लावून केलेली एकच गोष्ट होती, गणित. ती सोडून मी बादल्यांवर लिहिलं. नकार आला.

सक्करदरा, शिकवणीत शिकवतो
पहिल्या बॅचला आम्ही चांगले शिक्षक देतो. मागच्या बॅचमधली पोरं जास्त घासतात. हे पालकांसमोर बोलता येत नाही.

वर्धा रोड
एमबीएसाठीच्या कॅट परीक्षेच्या वेळी कळलं, अनेक आयआयएममध्ये दहावी-बारावीचे गुणही मोजतात. पंधराव्या वर्षी मला टायफॉइड झाला होता. त्याचा रकाना नव्हता.

हुडकेश्वर
वर मानेवाड्यानं लिहिलेला रूममेट मी नाही, पण असाच. दोन वर्षं ड्रॉप, आता मेडिकल स्टोअर सांभाळतो. औषधाच्या पट्टीवरचं नाव वाचलं की रचना डोळ्यांसमोर येते. गिऱ्हाईक म्हणतं, लवकर दे ना भाऊ.