हनोई आणि आसपास : जाऊन आलात? लिहा!

तलावपाळी :
काल ठाण्यातल्या मासुंदा तलावाला चक्कर मारताना मधल्या देवळाचे दिवे पाण्यात दिसले आणि एकदम व्हिएतनाममधल्या हनोईचं होआन कीम आठवलं. तिथेही गावाच्या मधोमध तळं, तळ्यात देऊळ, देवळाकडे जाणारा लाल लाकडी पूल. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र भोवतीचे रस्ते गाड्यांना बंद. (आपल्याकडे करून दाखवा!) आता आमच्या वन्सं चार-पाच दिवसांसाठी निघाल्यात आणि यादी काय, तर हनोई, हालाँग, सापा, निन्ह बिन्ह, शिवाय हातांवर पेललेला तो सोनेरी पूल. अहो, तो दा नांगकडे, साडेसातशे किलोमीटर लांब! माझं ऐकत नाहीत, तुम्ही सांगा.

नेरूळचा काका :
सापा पहिलं काढा, ते पार उत्तरेच्या डोंगरांत. इतक्या कमी दिवसांत बसमध्येच झोपायचंय का? निन्ह बिन्ह ठेवा, हनोईहून शंभरेक किलोमीटर, सकाळी निघून रात्री परत. १०१० मध्ये राजधानी हनोईला हलली, त्याआधीची होआ लू तिथेच. तिथल्याच ताम कोकला नावाडी चक्क पायांनी वल्ही मारतात. आमची बाई पायांनी नाव हाकत हातांनी भरतकामाचे रुमाल दाखवत होती. सौ.ने सगळे घेतले.

खारीबिस्कीट :
काका, म्हणूनच बाई तुम्हाला घेऊन फिरली 😄
माझं मत : हालाँग किंवा निन्ह बिन्ह, एकच. दोन्हीकडे चुनखडीचेच डोंगर, एकीकडे समुद्रात, दुसरीकडे भातखाचरांत. पावसाळ्यात वादळ आलं की हालाँगच्या बोटी रद्द होतात.

घोडबंदर_ग्रस्त :
विमान पाच तासांचं. कासारवडवली ते सहार विमानतळ किती, ते विचारू नका.

सीवूड्सवासी :
म्हणून आम्ही खाडीच्या या बाजूला. उलव्याला विमानतळ आलाय आता.

घोडबंदर_ग्रस्त :
हनोईचं विमान तिथून सुटायला लागलं की हाक मार. तुझ्याकडेच मुक्कामाला येतो.

पिठलंभात :
शाकाहारी आहेत का वन्सं? नुसत्या भाजीतसुद्धा फिश सॉस असतो, विचारूनच खायचं. पौर्णिमेला आणि चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी तिथले बरेच बौद्ध लोक मांसमच्छी खात नाहीत, तेव्हा चंगळ. एरवीही शाकाहारी खानावळी सापडतात. आमच्या आईने मेथीचे ठेपले नेले होते, हॉटेलच्या पोरीने दोन मागून खाल्ले. आणि अंड्याची कॉफी! वरचा पिवळा फेस आधी चमच्याने खायचा, मग कॉफी. आईला अजून सांगितलेलं नाही त्यात काय होतं.

तलावपाळी :
@पिठलंभात, हे वन्संना अजिबात दाखवणार नाही, चातुर्मास आहे 🙈

कोपरी_ईस्ट :
घाईत लिहितोय, कुकर लावलाय.
हो ची मिन्हची समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद, बाकी दिवशी फक्त सकाळी. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आत बोलायचं नाही.
वीस हजार डाँग आणि पाच लाख डाँग, दोन्ही नोटा निळ्याच. रिक्षावाल्याला देताना शून्यं मोजा.
ई-व्हिसा सरकारी साइटवरूनच, एकदा प्रवेशाचे २५ डॉलर. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं, वडिलांच्या नावासकट.
शिट्टी झाली.

नेरूळचा काका :
रस्ता ओलांडायची गंमत कुणीच लिहिली नाही. स्कूटरचा लोंढा थांबतच नाही. आपण सावकाश, एका चालीने जायचं, ते बाजूने वळसा घालतात. पळालात किंवा मागे फिरलात की संपलं. ठाणे स्टेशनबाहेर रस्ता ओलांडणाऱ्याला जमेल म्हणा.

खारीबिस्कीट :
कधी निघतायत पण? डिसेंबर-जानेवारी असेल तर तिकडे उत्तरेला चांगली थंडी आणि झिमझिम असते. व्हिएतनाम म्हणजे उकाडा समजून आमच्या ग्रुपने नुसते टी-शर्ट भरले होते.

तलावपाळी :
जानेवारीच! बॅगेत कॉटनचे कुर्ते भरून झालेत.

खारीबिस्कीट :
माझे दोन जाड स्वेटर पडून आहेत, मापाला होतील. पाचपाखाडीला ये रविवारी. येताना मामलेदारची मिसळ पार्सल आण.